चार बोटांचं छत

रविवारी सकाळी वर्कशॉपचं शटर वर गेलं तेव्हा आत दोन गाड्या उभ्या होत्या, साखळीला एक इंजिन टांगलेलं होतं, आणि आईचं भलं करायला सगळं घर जमलं होतं. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात जड. इंजिन निदान साखळीनं पेललेलं तरी होतं.

आई कोपऱ्यात आपल्या शिलाई मशीनपाशी जाऊन बसली. मिस्त्रींच्या हाताखालून गेलेल्या गाड्यांच्या सीटा याच मशीनवर शिवल्या गेल्या होत्या, टप शिवले गेले होते, छतांची आतली अस्तरं शिवली गेली होती. मिस्त्री म्हणजे तिचा नवरा. सगळे मिस्त्री म्हणत म्हणून तीही मिस्त्रीच म्हणे, आणि वर्षभरापूर्वी ते गेले तेव्हा रडतानाही तिच्या तोंडून तेच निघालं. नाव घ्यायची सवय नव्हती, ती ऐन वेळी कुठून येणार?

गाड्या एकाच घडणीच्या, दोघांनीच बसायच्या. लांब नाक, आखूड शेपूट, चाकांवरून पत्रा असा वळलेला की हात फिरवल्याशिवाय माणसाला पुढं जाववत नसे. तरुणपणी त्या शर्यतीत पळत, आता जॅकवर उभ्या होत्या. एकीच्या डोक्यावर पोलादी छत होतं. दुसरी उघडी, पाठीशी घडी केलेला कापडी टप तेवढा. दोघींच्या जिवाला एकच इंजिन उरलं होतं आणि त्याचे भाग आता कुठं मिळत नव्हते. जिच्यात ते बसेल ती धावणार. दुसरी एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाकडं शोभेला जाणार. त्याचा ट्रक संध्याकाळी यायचा होता.

म्हणजे ठरवायचं ते आजच. आणि ठरवायला माणसं अशी जमलेली, की ज्यांनी घरातल्या जेवणाच्या टेबलाचा रंगही एकमतानं कधी ठरवला नव्हता.

"यात बोलण्यासारखं आहेच काय?" थोरला म्हणाला. यात बोलण्यासारखं काही नाही असं म्हणूनच तो नेहमी तासभर बोलायचा. "छताचीच ठेवायची. बाबांच्या हातचं छत आहे ते. कंपनीचं छत कापून चार बोटं खाली घेतलंय त्यांनी. सांधा कुठं आहे ते आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही."

"तुला तरी कुठं दाखवता येतोय?" पानेकाका म्हणाले. मिस्त्रींचा धाकटा भाऊ. उभा जन्म पाना हातात, म्हणून पानेकाका. इंजिन कुणातही बसवायचं झालं तरी बसवणार तेच होते, त्यामुळं त्यांना घाई नव्हती.

"मला दाखवायचा नाहीच आहे काका. मला गाडी दाखवायचीय. माझ्या शोरूमच्या दर्शनी काचेत. मागून मंद दिवा, शेजारी बाबांचा फोटो. आईला वाटेल तेव्हा येऊन बघता येईल."

आईनं मशीनमध्ये दोरा ओवला. म्हणजे आता स्वतःच्या गाडीला भेटायला जायचं, आणि जाताना थोरल्याच्या त्या टाय लावलेल्या पोरांनी विचारायचं, मॅडम, कोणतं मॉडेल बघताय?

"काचेत ठेवायला गाडी कशाला धावती हवी रे दादा?" धाकट्यानं गळ्यातला कॅमेरा सावरला. तो फोटो काढायचा. लोकांचे, लग्नांचे, आणि काहीच मिळालं नाही तर स्वतःचे. "टपाची ठेवा. टप खाली, समोर मोकळा रस्ता, मागं सूर्य बुडतोय, आईचा स्कार्फ उडतोय. मी फिरवीन आईला."

"आणि आई दमली की?" ताईनं विचारलं.

"घरी सोडीन."

"आणि मग त्या रिकाम्या सीटवर कोण बसेल? तुझं भाड्यानं फोटो काढून घेणारं गिऱ्हाईकच ना?"

ताई विम्याच्या कंपनीत होती. ठोकलेल्या गाड्या तपासून नुकसान ठरवणं हे तिचं काम, त्यामुळं कुठलीही चांगली गाडी तिला फक्त अजून न ठोकलेली अशीच दिसायची. "उघडी गाडी उलटली की काय होतं ते मी रोज बघते. मी दादाच्या बाजूनं."

"चहा घेणार का कुणी?" आईनं विचारलं.

"आई, आत्ता महत्त्वाचं चाललंय," थोरला म्हणाला. मग म्हणाला, "घेऊ."

मिस्त्रींच्या वर्कशॉपात हात वर करून मत द्यायची पद्धत नव्हती. हात वर केला तर तो रिकामा आहे एवढंच सिद्ध होई. वाद पडला की ज्यानं त्यानं आपलं हत्यार बोनेटवर ठेवायचं, आणि ज्याच्याकडं हत्यार नाही त्यानं चहा करायचा. सुईदोरा हत्यारात मोडत नाही, हा निकाल मिस्त्रींनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी देऊन टाकला होता. त्यामुळं चहा कुणी करायचा, हा प्रश्न या घरात कधी पडला नाही.

ती स्टोव्हशी उभी राहिली. पाणी उकळेपर्यंत ओठांत जुनं गुणगुणणं आलं, मशीनच्या पायडलवर जमवलेलं, तिचं तिनंच रचलेलं:

सुई चाले पुढं पुढं, दोरा तिच्या मागोमाग
माझ्या हातानं गाडीला चढे कातड्याचं अंग

हे कुणी ऐकलं नव्हतं. पत्र्यावर घण पडत असताना कोण ऐकणार? आणि जे ऐकू गेलं नाही ते झालंच नाही, असं धरून चालायची या वर्कशॉपला सवय होती.

आणखी एक गोष्ट कुणाला ऐकू गेली नव्हती. मिस्त्री गेल्यावर आई रोज सकाळी फिरायला जायला लागली, ती खरं तर ड्रायव्हिंग शाळेत जात होती. शिकवणारी पोर तिच्या नातीच्या वयाची, तोंडानं फटकळ. पहिल्या दिवशी म्हणाली, "आजी, मान सरळ करा. एका बाजूला पडलीय." आईनं सांगितलं, माझी मान तशीच आहे, हाडाचं काहीतरी आहे, माझी सून इलाज करते. पोर म्हणाली, "बघा तरी करून." आईनं मान सरळ केली. ती झाली. कुरकुर न करता, दुखता दुखता का होईना, झाली. शाळेच्या त्या टिनपाट गाडीत डोक्यावर एवढी जागा होती की मानेला सबबच उरली नाही. त्या दिवशी आईनं गाडी दोनदा बंद पाडली आणि एका दुकानाच्या पाटीला घाबरवलं. पण घरी आली ती रस्ताभर पुढं बघत. दुकानांच्या माड्या, तारांवरचे पक्षी, हे सगळं डोळ्यांच्या उंचीवर होतं आणि तिनं इतकी वर्षं दुकानांच्या पायऱ्याच बघितल्या होत्या.

तेव्हापासून तिला एकच हवं होतं. ती टपाची गाडी, आणि तिच्या स्टिअरिंगमागची सीट. मागायचं कसं तेवढंच येत नव्हतं. शाळेत ते शिकवत नाहीत.

चहा घेऊन ती आली तोवर पक्ष बदलले होते.

"मी आधी टपाचीच म्हणत होते," थोरली सून सांगत होती. ती फिजिओथेरपिस्ट, घरातल्या प्रत्येकाच्या सांध्यावर तिचा हक्क होता. "छताच्या गाडीत बसायचं म्हणजे आईंना घडी घालून ठेवावं लागतं. गुडघ्यांना चांगलं नाही. पण भाऊजी गाडी नेणार असतील, तर आई घरात आणि गाडी डोंगरात. मग छताचीच बरी. निदान समोर तरी राहील."

"समोर म्हणजे वहिनी, तुमच्याच शोरूमसमोर," धाकटा म्हणाला.

"तुमच्याच म्हणजे?" ताईचे कान टवकारले. "दादा, शोरूममध्ये गाडी कुणाच्या नावानं उभी राहणार?"

"नावाचं काय घेऊन बसलीस?"

"म्हणजे तुझ्या. मग मी टपाच्या बाजूनं."

"अगं, आत्ताच उलटून माणसं मरत होती ना?"

"हळू चालवली तर नाही मरत."

पानेकाकांनी बशीत चहा ओतला. "वहिनी, हे इंजिन असंच टांगून ठेवू का? पुढच्या पिढीला उपयोगी पडेल."

"ठेवा भाऊजी. त्यांनाही एकेक बाजू लागेलच."

थोरल्याला राग आला की तो बाबांसारखा बोलायचा, फक्त बाबांचं काम न करता. "हे पाहा, पद्धतीनं होऊ दे. हत्यारं ठेवा. छत की ती बोडकी..."

शब्द तोंडातून निसटला. सगळ्यांनी आईकडं बघितलं आणि मग जणू काही बघितलंच नाही असं साखळीकडं बघितलं.

"बोडकीच की," आई म्हणाली. "ठेवा हत्यारं."

पण हत्यार कुणाकडं होतं? थोरल्यानं भिंतीवरचा बाबांचा हातोडा काढला, दांड्यावरचं जाळं झटकलं, हातोडा छताच्या गाडीच्या बोनेटवर ठेवला आणि रुमालानं हात पुसले. सुनेनं पर्समधून रबराची हातोडी काढली, गुडघ्यावर मारून बघतात ती.

"हे हत्यार?" धाकटा म्हणाला.

"माणसं ओरडतात त्यानं," सून म्हणाली आणि ती नवऱ्याच्या हातोड्याशेजारी ठेवली. मोठा आणि छोटा, असा संसार दिसत होता.

धाकट्यानं टपाच्या गाडीवर लेन्स ठेवली. ताईनं चुरडलेल्या गाड्यांखाली मारायची बॅटरी ठेवली. दोन तिकडं, दोन इकडं. सगळे पानेकाकांकडं वळले. काकांनी खिशातला पाना काढला, त्याला फुंकर मारली आणि परत खिशात ठेवला.

"मी इंजिन बसवणारा. मला कुठलीही बोनेट सारखीच. जी चालवायचीय ती सांगा."

"चालवायची कुणाला आहे?" थोरला म्हणाला. "ठेवायचीय."

आणि आईला वाटलं आता बोलावं. जीभ उचललीही होती. तेवढ्यात थोरल्यानं शोरूमसाठी मोठा करून आणलेला फोटो भिंतीला टेकवला, आणि वाद संपला.

फोटो छताच्या गाडीतला. दार उघडं, मिस्त्री स्टिअरिंगमागं ताठ बसलेले, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर जगालाच पत्र्यासारखं वाकवल्याचं समाधान. शेजारी आई. मान त्यांच्या खांद्याकडं कललेली, डोळे किंचित मिटलेले.

"काय प्रेमानं कललीय बघ," ताई हळूच म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नुकसान ठरवणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी येणं म्हणजे प्रकरण गंभीर. तिनं बॅटरी उचलली आणि छताच्या गाडीवर नेऊन ठेवली.

"असा फोटो ठरवून निघत नाही," धाकटा म्हणाला. धंद्याचा माणूस तो, पण त्याचाही आवाज बसला. "ही मान म्हणजे... आई, यू आर ग्रेट." लेन्सही गेली.

टपाची गाडी मोकळी राहिली. चार हत्यारं एका बोनेटवर, आणि पोरं एकमेकांकडं अशी बघत होती की कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा भावंडं वाटावीत. आईला पाहवेना आणि मोडवेनाही. सगळ्या जन्मात एकदा यांचं एकमत झालं, ते तिच्या मानेवर.

"झालं तर मग," थोरला म्हणाला. "काका, घ्या साखळी."

"थांबा," आई म्हणाली. "मला एकदा बसून बघायचंय."

"बस की! तुझीच आहे." त्यानं धावत जाऊन शेजारच्या सीटचं दार उघडलं.

आई गाडीला वळसा घालून स्टिअरिंगच्या बाजूला गेली.

"आई, तुझी सीट इकडं."

"आज इकडं."

ती आत शिरली. आधी पाय, मग गुडघे, मग कंबर, सून म्हणाली तशी घडी होत होत. डोकं शेवटी. डोकं छताला टेकलं. तिनंच शिवलेलं अस्तर केसांना लागलं, आणि मान आपोआप कलली, इतक्या मुरलेल्या सवयीनं की तिला स्वतःलाच हसू आलं.

"हीच! हीच ती!" धाकट्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. "हलू नकोस. अश्शीच राहा."

"अशीच तर राहिले," आई आतून म्हणाली. "भाऊजी, जरा हात घालून बघा हो. माझ्या डोक्याच्या आणि छताच्या मध्ये किती जागा आहे?"

पानेकाकांनी खिडकीतून हात घातला. तो कुठंच शिरेना.

"जागा नाही वहिनी."

"आणि मिस्त्रींना?"

"त्याला टोपीसकट होती. त्याच्याच मापानं कापलं ना." काका थांबले. जॅकचा दांडा चुकून पायावर पडावा तसा त्यांचा चेहरा झाला. "तू त्याच्यापेक्षा उंच."

"एका डोक्यानं," आई म्हणाली. "तुम्हाला कुणाला ठाऊक नसेल. फोटोत एकतर मी बसलेली, नाहीतर गाडीत. आणि उभी राहिले तरी मान वाकलेली."

ताईनं भिंतीवरच्या फोटोकडं परत बघितलं, या वेळी कामावर बघते तसं: धक्का कुठून बसला, कुठपर्यंत गेला.

"पण आई, तुमची मान..." सुनेचा आवाज चिरकला. "मी इतकी वर्षं तुम्हाला व्यायाम देतेय."

"देतेस आणि मी करते. शनिवारपर्यंत सुधारायची सुद्धा. मग रविवारी मिस्त्री फिरायला न्यायचे."

"तू बोलली का नाहीस कधी?" थोरल्यानं विचारलं. असं विचारताना माणसं जेवढी दुखावलेली दिसतात तेवढा तो दिसत होता.

"बोलले की. छत कापायच्या आधी बोलले. मिस्त्री म्हणाले, गाडी लोकांना बाहेरून दिसते."

"म्हणजे ते प्रेम नव्हतं?" ताईनं फोटोकडं बोट केलं. सगळ्यांत व्यवहारी पोर ती, आणि प्रश्न असा विचारला जणू तिचंच काहीतरी भरून मिळायचं राहिलंय.

आईनं दार ढकललं. बाहेर यायला बसण्यापेक्षा जास्त वेळ लागला, आणि कुणीतरी दिलेला हात तिनं घेतला नाही.

"प्रेमही होतं गं. त्यांच्यासारखा पत्रा वळवणारा माणूस मी पाहिला नाही, आणि माझ्याशी कधी वाईट बोलले नाहीत. पण मान छतामुळं वाकडी होती. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, त्या एका फोटोत आल्या एवढंच."

ती टपाच्या गाडीकडं गेली. या गाडीत बसायला घडी लागत नव्हती. दार उघडायचं आणि बसायचं. ती बसली, पाठ सीटला लावली, मग मान वर घेतली, अजून वर, जिथं छत असायला हवं होतं तिथून पुढं. काहीच लागलं नाही. शेडच्या वरच्या झरोक्यातून उजेडाचा एक पट्टा येत होता, तो थेट तिच्या कपाळावर पडला. चाळीस वर्षं तो तिथंच पडत असणार, नुसत्या फरशीवर.

पोरं बघत राहिली. त्यांची आई उंच होती. अगदी चारचौघांत उठून दिसावी अशी उंच.

"वहिनी, पुढची काच तुला बुटकी पडतेय," पानेकाका म्हणाले. "वरच्या पट्टीच्या वरून बघावं लागेल तुला. वारा डोळ्यांत जाईल."

"चष्मा लावीन."

"पाऊस आला तर?"

"टप मी शिवलेला आहे भाऊजी. आणखी चार बोटं वर घेऊन शिवीन."

"एक मिनिट," थोरला म्हणाला. "वारा कुणाच्या डोळ्यांत? चालवणार कोण?"

"मी."

"तुला येते?"

"गेल्या महिन्यात परीक्षा पास झाले. पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्या. फिरायला जाते सांगत होते ते खोटं नव्हतं. फिरतच होते."

"आई, या वयात..." ताईनं सुरू केलं आणि तिच्या डोळ्यांपुढून तिनं तपासलेल्या सगळ्या गाड्या एका ओळीत गेल्या असाव्यात. मग ती थांबली. चालत छताच्या गाडीकडं गेली, आपली बॅटरी उचलली, आणि टपाच्या गाडीवर ठेवताना म्हणाली, "पट्टा लावायचा. नाहीतर विमा मी स्वतः नामंजूर करीन."

धाकट्यानं लेन्स आणली. "मी शेजारी बसेन. फोटो काढणार नाही."

"काढ. पण मला सांगू नकोस कशी बसू ते."

सुनेनं रबराची हातोडी नुसती पर्समध्ये टाकली. बराच वेळ ती आईच्या मानेकडं बघत होती, जिच्यावर तिनं इतकी मेहनत केली होती आणि जी आता तिच्या मदतीशिवाय उभी होती. "दुखतेय का आई?" तिनं विचारलं.

"दुखतेय. चांगली दुखतेय."

पानेकाकांनी पाना काढला. या वेळी तो खिशात परत गेला नाही. साखळीची कडी खडखडली आणि इंजिन, इतका वेळ कुणाचंही न ऐकता लटकत राहिलेलं, हळूच टपाच्या गाडीच्या बाजूला सरकायला लागलं.

राहिला थोरला. तो गाडीच्या लांब नाकासमोर उभा होता, पाय रोवून, हात मागं बांधून, अगदी मिस्त्री उभे राहायचे तसा. शोरूमची काच, मंद दिवा, सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून विझत होतं. बाबांचा हातोडा अजून छताच्या गाडीवर होता, एकटा.

आईनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, फटकळ पोरीनं शिकवले होते तसे. आरसा नीट केला. मग काचेच्या पट्टीच्या वरून, मान सरळ ठेवून, तिनं मुलाकडं बघितलं.

"बाजूला हो," ती म्हणाली.

गाडीत इंजिन नव्हतं. चाकं जमिनीला टेकलेलीसुद्धा नव्हती. तरी थोरला बाजूला झाला.